पांडुरंग सरांचा गुडघा आणि प्रेमलाबाईंची पहाट

दसऱ्याच्या सुमारास पांडुरंग राऊत सरांचा उजवा गुडघा गेला, तेव्हा उमेळे गावातल्या अर्ध्या लोकांनी सरांची चौकशी केली, उरलेल्या अर्ध्यांनी गुडघ्याची. प्रेमलाबाईंची चौकशी कुणीच केली नाही. वास्तविक नुकसान त्यांचं झालं होतं.

नुकसान असं की, सर गेली वीसेक वर्षं पहाटे अंधारातच बूट चढवून पळायला बाहेर पडत आणि ऊन अंगणात आल्यावर परतत. मधला वेळ प्रेमलाबाईंचा. त्या वेळात त्या लांब आकडी घेऊन वाडीतला सोनचाफा काढत, मग ओट्यावर पाट टाकून फुलं निवडत आणि पुड्या बांधत. टेम्पोवाला प्रल्हाद त्या पुड्या दादरला घेऊन जाई. या सगळ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलत नसे. प्रेमलाबाईंना आयुष्यात दागिना, साडी, प्रवास यांची फारशी हौस नव्हती. कुणी आपल्याशी बोलू नये, ही एकच हौस होती आणि तीही दिवसातून एकदाच. ज्या बाईने शाळेतल्या पी.टी.च्या सरांशी संसार केला आहे, तिला ही चैन वाटणार नाही. सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. शिट्टी अजून गळ्यात होती.

हाडांच्या डॉक्टर संजना वयाने सरांच्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, "गुडघ्यातली गादी झिजलीय. तीन महिने पळणं बंद."

"रस्त्यावर बंद," सर म्हणाले. "राजोडीच्या किनाऱ्यावर चालेल ना? वाळू मऊ असते."

"वाळूतही बंद. पाय रुततो, गुडघा पिळवटतो."

"जिने चढले तर?"

"सर, जिनेही नकोत. सायकल चालवा, पोहा, पाण्यात चाला. शरीराचं वजन गुडघ्यावर आदळणार नाही असं काहीही करा."

"आणि नुसता घरी बसलो तर?"

"नाही चालनार," असं उत्तर आलं. ते प्रेमलाबाईंनी दिलं होतं.

पण पहिला आठवडा सर घरीच बसले. ओट्यावर खुर्ची टाकून त्यांनी फुलं काढण्याच्या कामाचं निरीक्षण केलं आणि त्यात अनेक दोष आढळले. "अगं, डावीकडून सुरुवात केलीस तर एक फेरी वाचेल." प्रल्हादचा टेम्पो मागे घेताना त्यांनी शिट्टी वाजवली. प्रल्हाद बारा वर्षं तो टेम्पो त्याच जागी बिनशिट्टीचा लावत होता. त्या दिवशी कुंपणाचा खांब गेला. प्रेमलाबाई खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातल्या. लग्नाला तीस वर्षं उलटली तरी त्या 'पानी'च म्हणत. सरांनी त्या आठवड्यात तेही सुधारायला घेतलं. शनिवारी त्यांनी चाफ्याची फुलं प्रार्थनेच्या रांगेसारखी उंचीप्रमाणे लावली.

त्या रात्री प्रेमलाबाईंनी विरारला फोन लावला. तिथे त्यांचा मुलगा अनुज फ्लॅटमध्ये राहतो.

"अनुज, तुझ्याकडे ती एका जागी उभी राहनारी सायकल आहे ना?"

"तिच्यावर कपडे वाळतायत, आई."

"काढ ते आनि घेऊन ये."

सायकल आली. जागा नव्हती म्हणून ती ओट्यावरच ठेवली गेली. आता सर फुलांसमोर बसण्याऐवजी फुलांसमोर पॅडल मारू लागले. बोलणं तसंच राहिलं, फक्त थोडी धाप मिसळली. त्यातून गुडघा पुन्हा दुखला. डॉक्टर संजना फोनवर म्हणाल्या, सीट खाली असेल, वर करा. पाय खाली गेल्यावर जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट वर केली. गुडघा दुखायचा थांबला आणि सरांना कुंपणापलीकडचंही दिसू लागलं.

मग प्रेमलाबाईंनी त्यांना खऱ्या सायकलवर बसवून रस्त्याला लावलं. ते पंधरा मिनिटांत परत आले. पळणारा माणूस सायकलवर दिसला की त्याने पक्ष बदलल्यासारखे लोक त्याच्याकडे बघतात. नाक्यानाक्यावर थांबून कारण सांगावं लागलं, असं सर म्हणाले. जलतरण तलाव झाला. तिथे सरांनी दुसऱ्यांच्या मुलांना कवायत शिकवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी पालकांनी त्यांना नमस्कार केला, तो निरोपाचा होता.

राहता राहिलं बावखल. वसईच्या जुन्या वाड्यांमध्ये पावसाचं पाणी साठवायला खणलेलं तळं असतं, तसं राऊतांच्या वाडीच्या टोकाला आहे. चांगलं पुरुषभर खोल. कडेला शेवाळ, मध्ये स्वच्छ पाणी आणि कुणाच्या वाटेला न जाणारा एक दिवड, पाण्यातला साप. सर लहानपणी कमरेला सुके नारळ बांधून तिथेच पोहायला शिकले होते.

"उत्तम," डॉक्टर म्हणाल्या. "कमरेला तरंगायला काहीतरी बांधा, पाण्यात उभे राहा आणि जागच्या जागी पळा. पाय तळाला लावायचे नाहीत. पळण्याचा सगळा व्यायाम होतो, गुडघ्याला धक्का शून्य."

पहाटे सर पोटाला सालीसकट असोले नारळ बांधून बावखलात उतरले आणि पळू लागले. पळता पळता सरकत शेवाळात गेले. दोनदा बाहेर काढल्यावर प्रेमलाबाई गोठ्यातून म्हशीचं जुनं दावं घेऊन आल्या. म्हैस विकली होती, दावं राहिलं होतं. एक टोक सरांच्या कमरेला, दुसरं पलीकडच्या काठच्या माडाला. सर जागच्या जागी ढांगा टाकू लागले.

शेजारचा एरॉल गडग्याच्या भिंतीवरून बराच वेळ बघत होता. आखातात नोकरी करून आलेला, सरांचा शाळेपासूनचा सोबती. आता पडवळाचे वेल सांभाळतो.

"वैनी," तो म्हणाला, "काय केलं पांडूनं?"

"काय नाय. पळतायत."

"पळू नये म्हणून बांधलाय?"

"पळावं म्हनून."

एरॉलने यावर विचार केला. "माझ्या बायकोला सांगू नको," तो म्हणाला.

गावात मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. कुणी म्हणालं, प्रेमलाबाईंनी नवऱ्याला बांधून घातला. कुणी म्हणालं, इतकी वर्षं कशी काय थांबली. प्रेमलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. पाण्यावरून आवाज फार छान जातो. सरांचं तोंड ओट्याकडे होतं.

"प्रेमला, पुडी सैल बांधतेस," बावखलातून आलं. पाठोपाठ शिट्टी.

दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाईंनी दावं अलीकडच्या, घराजवळच्या माडाला बांधलं. सरांचं तोंड फिरून एरॉलच्या वाडीकडे झालं. मग ऐकू आलं, "एरॉल, मांडव डावीकडे कललाय."

"तुझा गुडघा बघ आधी."

"मी वाडीबद्दल बोलतोय."

"आणि मी दाव्याबद्दल बोलतोय. म्हैस विकली ना रे तुमची? मग हे कोण बांधलंय?"

दोघांचं रोज असं चाललं. प्रेमलाबाईंना ते दूरवरच्या कावळ्यांइतकंच ऐकू यायचं. त्यांची पहाट त्यांना परत मिळाली होती.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टर संजनांनी गुडघा वाकवला, दाबला, सरांना उठबस करायला लावली. "छान. एक दिवस आड, मऊ मातीवर, हळूहळू पळा. मधल्या दिवशी पाणीच."

सर उठून उभे राहिले, ते विजेत्याच्या चौथऱ्यावर उभे राहिल्यासारखे. प्रेमलाबाईही उठल्या. टेबलाचा आधार घेऊन, एक पाय आधी, मग दुसरा, मग थोडं थांबून.

"बाई, तुमचे गुडघे कधीपासून दुखतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते होय. ते दुखतातच."

"कधीपासून?"

प्रेमलाबाईंनी आठवून पाहिलं. "अनुज रांगत होता."

अनुजचं आता टक्कल पडायला लागलं आहे. सर बायकोच्या गुडघ्यांकडे बघत होते. तीस वर्षं हजेरी घेतली आणि दोन मुलं पटावरच नव्हती, असा चेहरा झाला होता.

"हिनं मला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"कधी सांगायचं? सकाळी तुम्ही नसायचे. बाकी दिवसभर तुम्ही बोलत असायचे."

डॉक्टरांनी प्रेमलाबाईंचा पाट बंद केला, खुर्ची-टेबल सांगितलं आणि रोज अर्धा तास पाण्यातला व्यायाम. "रोज" म्हणताना त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी मान डोलावली. बाहेर पडल्यावर पायऱ्या उतरताना सरांनी हात पुढे केला. प्रेमलाबाईंनी तो धरला. त्यांना त्या हाताची सवय नव्हती, पण कठडा ओला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांचे बूट जागेवरच राहिले. त्यांनी स्वतः फुलं काढली, डावीकडून. तीन फेऱ्या झाल्या, नेहमीपेक्षा एक जास्त; त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मग प्रेमलाबाई जुना गाउन घालून, नारळ बांधून बावखलाकडे निघाल्या. खाडीकाठी वाढलेली बाई ती, सरांपेक्षा चांगली पोहणारी. लग्नानंतर पाण्यात उतरायला कारण पडलं नव्हतं, एवढंच. सरांनी दावं पलीकडच्या माडाला बांधायला घेतलं.

"तो नको," त्या म्हणाल्या. "अलीकडचा."

"अगं, पण मग तुझी पाठ होईल माझ्याकडे. काही विचारायचं झालं तर?"

"अलीकडच्याला बांधा."

सरांनी बांधलं. प्रेमलाबाई मध्यावर गेल्या आणि पाय हलवू लागल्या. समोर एरॉलचा मांडव होता, थोडा डावीकडे कललेला. एरॉलने भिंतीवरून डोकं वर काढलं, कोण आहे ते पाहिलं आणि परत खाली घेतलं. मागून ओट्यावरून हाक आली, "प्रेमला, मोठी फुलं खाली की वर?"

त्यांनी मान मागे टाकली. पाणी कानांवर आलं आणि आता फक्त त्यांच्याच पायांचा आवाज येत होता. शिट्टी वाजली असावी, कारण दिवड काठाकडे गेला.

त्या दिवशी फुलं पुड्यांत उंचीप्रमाणे गेली. दादरहून काही तक्रार आली नाही.