पिवळीची रिकामी सीट

माझ्या मामाला खुर्चीत धड बसता येत नाही. बसतो, पण दोन मिनिटांत त्याचा उजवा पाय जमीन दाबू लागतो, हात गुडघ्यांपाशी जाऊन हवेतच काहीतरी वळवतात आणि मग तो उठतोच. जेवतानाही तेच. मामी म्हणते, "अहो, ताट काही पळून जात नाही." त्यावर मामा ताट घट्ट धरून ठेवतो. त्याला पाहून समोरच्याचाही जीव वरखाली होतो.

याच्या मुळाशी एक गाडी आहे. आमच्या लहानपणी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिच्यात गुन्हेगार पकडणारे एक साहेब होते आणि त्यांची पिवळी नावाची गाडी होती, आपली आपण चालणारी. साहेब शेजारी बसून तिच्याशी गप्पा मारायचे. ड्रायव्हरची सीट रिकामी आणि स्टिअरिंग मात्र गरागरा फिरायचं! आमच्या गल्लीतली मुलं सायकलींची हँडल सोडून त्याही आपोआप वळतात का ते बघायची आणि गुडघे फोडून घरी यायची.

ती रिकामी सीट म्हणजे माझा मामा.

तो स्टुडिओच्या गॅरेजात मेकॅनिक होता, अंगाने काडी. सीटची पाठ आतून पोकरून त्यात त्याला बसवायचे, वरून सीटचं कव्हर चढवायचे आणि मागून टाके घालायचे. डोकं टेकायच्या उशीच्या जागी मामाचं डोकं. तोंडासमोर जाळीदार कापड, त्यातून दिसेल तेवढाच रस्ता. स्टिअरिंग खालून बोटांनी धरायचं, म्हणजे हात दिसत नाहीत. आत उकाडा असा की एकदा त्याची शुद्धच हरपायला आली होती. तेव्हापासून साहेबांनी, म्हणजे त्यांचं काम करणाऱ्या अभिनेत्याने, एक पद्धत पाडली. उशीखालची शिवण थोडी उसवलेली ठेवायची, आणि प्रत्येक शॉटच्या आधी साहेब स्वतः त्या फटीतून स्ट्रॉ सरकवून मामाला पाणी पाजायचे. मग उशीवर दोनदा थोपटायचे. थोपटलं की निघायचं. ते थोपटणं टीव्हीवर दिसायचं आणि आम्ही पोरं घरातल्या सोफ्यावर तस्संच थोपटायचो.

अट एकच होती, कुठे बोलायचं नाही. पोरांचा भ्रम मोडता कामा नये. शेवटी पाट्या यायच्या तेव्हा चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव असायचं, मामाचं नसायचं. मामाने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. त्याचा स्वतःचा मुलगा पिवळीचा फोटो उशाशी घेऊन झोपायचा आणि बापाला म्हणायचा, "तुम्ही नुसते नट आवळता." हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. मामा मात्र मुकाट्याने नट आवळत राहिला.

मालिका बंद पडून जमाना झाल्यावर त्याने घरात सांगून टाकलं. मामीला पटलं, कारण मामाने आठवण म्हणून आणलेलं ते कव्हर घरातच होतं आणि तिने ते वॉशिंग मशीनवर घातलं होतं. मुलगा हसला. "बाबा, ती रिमोटवर चालायची. सगळ्या जगाला माहितीये." तो कुत्सितपणे हसला असता तर बरं, प्रेमाने हसला. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसा. तेव्हापासून मामाने एकच ध्यास घेतला. साहेबांनी एकदा, फक्त एकदाच, मुलासमोर सांगावं की आत मीच होतो.

पण कुठले साहेब आणि कुठली पिवळी! पिवळ्या मुळात तीन होत्या. उड्या मारणारी शेवटच्या भागात कड्यावरून खाली गेली आणि तिचा पत्रा भंगारात. दुसरी एका हॉटेलच्या दारात उभी आहे, बॉनेटमध्ये माती भरून झाडं लावलीत. मामा तिथे जाऊन आला. दर भागात पाठलागात हरणारा खलनायक आता ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, आणि लोक तिथे शिकायला जातात, हे विशेष. साहेबांना विस्मरणाचा आजार झालाय. मामा त्यांच्या घरी गेला तर त्यांची मुलगी दारातच म्हणाली, "काका, बाबा मलाच ताई म्हणतात. तुम्हाला कुठून ओळखणार?"

आणि मग तिसरी पिवळी सापडली, मामाची. जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाने ती कोंबड्यांच्या खुराड्यातून उचलून आणली, चकाचक केली आणि तिच्यासाठी हॉल उघडायचं ठरवलं. उद्घाटनाला साहेब येणार होते. मामाच्या मुलाने उत्साहाने पास मिळवले. मामाने वॉशिंग मशीनवरचं कव्हर काढून पिशवीत कोंबलं.

माझ्या गाडीतून गेलो. वाटेत मामाने इतके ब्रेक दाबले की त्याच्या पायाखालची चटई गोळा झाली. "मामा, गाडी मी चालवतेय," मी ओरडले. "मग नीट चालव की," तो म्हणाला आणि पुन्हा दाबला.

हॉलमध्ये ही गर्दी. पिवळी मधोमध, भोवती दोरी. शौकीन भला माणूस होता, त्याने मामाला लगेच बाजूला घेतलं. "काका, स्टुडिओत चौकशी केलीय मी, तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे. सीटची पोकळी तशीच ठेवलीय मी, वरून चादर टाकलीय. पण आज बोलू नका, प्लीज. लोकांना ती आपोआप चालायची हेच आवडतं."

"मी नाही बोलणार," मामा म्हणाला. "साहेब बोलतील."

साहेब आले, मुलीच्या हाताला धरून. टाळ्या झाल्या. मामा गर्दीतून घुसून त्यांच्यासमोर उभा राहिला. "साहेब, मी. गॅरेजमधला. पिवळी..." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, छान हसले आणि सही करायला पेन मागितलं.

मी मामाचा हात धरला. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, चला, बाहेर जरा बसू." मला त्या पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मामा गाडीभोवती एक फेरी मारून आला, मग दुसरी मारली. पुन्हा पुन्हा पिशवी या हातातून त्या हातात. मग थांबला.

"अगं, ते मला तोंडाने कसे ओळखणार?" तो म्हणाला. "माझं तोंड शॉटला त्यांनी पाहिलंय कधी?"

शौकीन पलीकडे फोटो काढून घेत होता. मामा दोरीखालून वाकला, दार उघडलं, चादर फेकली आणि पोकळीत शिरला. गुडघे कुरकुरले ते मला ऐकू आलं. "घाल," तो म्हणाला. मी कव्हर त्याच्या डोक्यावरून ओढलं. कव्हरला कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येत होता. मागची शिवण मी हातानेच धरून ठेवली. लोक वळून बघू लागले, शौकीन धावत आला. "अहो ताई, हे काय चाललंय?" मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो दोरीपाशीच थांबला.

साहेबांना शेजारच्या सीटवर बसवायचं ठरलेलंच होतं, फोटोसाठी. मुलीने त्यांना बसवलं. ते काचेतून समोर बघत राहिले. मग त्यांचा हात उठला आणि उशीकडे गेला. वाटलं, आता थोपटतील. पण थोपटलं नाही. बोटं उशीखाली चाचपडू लागली, शिवणीवरून सरकत फटीपाशी आली आणि तिथे थांबली. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पाणी कुठाय याचं?" ते म्हणाले, चांगल्या खणखणीत आवाजात. कुणीच हललं नाही. साहेब भडकले. "अरे, बघता काय सगळे? स्ट्रॉ आणा! आत माणूस आहे!"

एका पोराने आईला विचारलं, "आत कोण आहे?" मी मामाच्या मुलाकडे पाहिलं. मग प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या हातातली पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ त्याने जवळजवळ हिसकावलीच आणि दोरी ओलांडून आला. त्याला फट सापडेना. साहेबांनी त्याचं बोट धरून दाखवली.

स्ट्रॉ आत गेली. ती पारदर्शक होती. काही क्षण काहीच झालं नाही. मग पाणी हळूहळू चढू लागलं, आणि सगळ्यांनी ते पाहिलं.