मामांच्या गाडीचा उलटा काटा

मामींचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी गाडीचंच सांगितलं. "गाडी दवाखान्याच्या गेटसमोर हाय. वॉचमन काढा म्हणून राह्यला. तू येते का?" मी नागपूरला ऑफिसात होते. मामा कुठे आहेत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी मशीनवर होती ना माय."

त्यावरून मला कळायचं ते कळलं. मामींचं डायलिसिस चालायचं तेव्हा मामा बाहेरच्या खुर्चीवर बसून असत. त्या दिवशी बसल्या जागीच ते कलंडले. डॉक्टर धावले, पण उपयोग झाला नाही. मामी भिंतीच्या पलीकडे होत्या, हातात सुया होत्या. मध्येच उठून येता येत नाही. नर्सने त्यांना मशीन पूर्ण झाल्यावर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं की नको, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. मामींचं मत मी विचारलेलं नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. गडचांदूरला त्यांचं गॅरेज होतं. सिमेंटच्या ट्रकांमुळे त्या गावात सगळ्याच वस्तूंवर एक करडा थर असतो, तसा मामांच्या भुवयांवरही असायचा. मी चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेत शिकले. बोलायला मला पहिल्यापासून जड जातं. नातेवाईकांकडे गेलं की कोणी ना कोणी म्हणायचंच, "इंग्लिश बोलून दाखव बरं." मामा कधी म्हणाले नाहीत. ते मला पाना धरायला द्यायचे आणि आपलं काम करत राहायचे. त्या गॅरेजमध्ये मी तासन्‌तास गप्प बसलेली आहे आणि त्याबद्दल मला कोणी काही विचारलेलं नाही. एवढी मोकळीक मला दुसरीकडे फारशी मिळाली नाही.

मामींच्या किडन्या गेल्या आणि मामांच्या जुन्या जीपचं इंजिन संपलं, हे एकाच पावसाळ्यात झालं. बसने चंद्रपूरला जाणं जमायचं, पण परतताना मामींना बसवतही नसे. जीपची मागची बाकं काढून मामांनी तिथे गादी टाकली होती, म्हणजे येताना त्यांना आडवं होता यावं. तेवढी ऐसपैस दुसरी गाडी त्यांना दिसली नाही. मग नागपूरच्या भंगार बाजारातून त्यांनी एका अपघात झालेल्या नव्या गाडीचं इंजिन आणलं. इंजिनसोबत त्याचा कम्प्युटर आणि वायरींचा एक मोठा भारा होता. आमच्या जीपमध्ये वायरी म्हणजे दिवे आणि हॉर्न. गॅरेजच्या फरशीवर तो भारा पसरलेला पाहून मामी दारातूनच म्हणाल्या, "त्या गाडीतले लोक वाचले का? ते विचारा आधी. नाई तं मी बसत नाई."

मामांनी त्यांच्यासमोरच बाजारात फोन लावला. "हो हो... बरं बरं..." फोन ठेवून म्हणाले, "सगळे वाचले. एक कोंबडी मेली फक्त."

"कोंबडी कुठून आली?"

"आता मेली तिले कसं विचारू, कुठून आली म्हणून?"

मामी हसल्या. पलीकडून खरंच काय सांगितलं ते मला माहीत नाही.

इंजिन बसलं, पण चालेना. सुरू व्हायचं आणि लगेच गप्प. मामांनी सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाय बरं, इंग्रजीत कोणी काही लिवलं हाय का." मी वाचत गेले आणि सांगत गेले. माझे मराठी शब्द अडत होते. शेवटी मी म्हटलं, "मामा, हे इंजिन चावी ओळखतं. आतमध्ये एक चिप असते. त्याच्या गाडीची चावी जवळ नसेल तर ते चालत नाही."

मामा खाली बसले आणि मोठ्याने हसले. "म्हणजे सासरी आलेली पोरगीच हाय हे! माहेरचं माणूस दिसल्याशिवाय जेवत नाई." दुसऱ्या दिवशी ते नागपूरला जाऊन ती चावी शोधून घेऊन आले. स्टिअरिंगखाली काळ्या टेपने त्यांनी ती पक्की गुंडाळली. मग जीपच्या जुन्या चावीने स्टार्टर मारला आणि इंजिन चालू राहिलं... मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या, बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

दोन गोष्टी मात्र राहिल्याच. जुना रेडिएटर नव्या इंजिनाला पुरत नव्हता. आणि गाडी किती तापली ते दाखवणारा जुना काटा नव्या सेन्सरशी जुळला नाही. तो उलटा चालू लागला. गाडी गार असली की वर, तापली की खाली. मामा म्हणाले, करू सवडीने. पण आठवड्यातून तीनदा चंद्रपूर, उरलेल्या दिवसांत गॅरेज. सवड झालीच नाही. जाताना मामी पुढे बसत आणि काट्यावर नजर ठेवत. "खाली आला वो," असं त्या म्हणाल्या की मामा राजुऱ्यापुढे, वर्धा नदीच्या पुलाअलीकडे एका झाडाखाली गाडी उभी करत. बॉनेट उघडत. मामींना पाणी मोजून प्यावं लागे, म्हणून ते थर्मासमधून बर्फाचा एक खडा त्यांच्या हातावर ठेवत. स्वतः चहा घेत नसत. मी एक-दोनदाच त्यांच्यासोबत होते. त्या थांब्यात दोघं फार काही बोलत नव्हती. पुलावरची रहदारी बघायची, एवढंच.

मामा गेल्यानंतरचं पहिलं डायलिसिस राख सावडायच्या दिवशीच आलं. एक म्हाताऱ्या आत्या म्हणाल्या, "दहा दिवस उंबरा नसते ओलांडत." मामी म्हणाल्या, "मशीन सुतक पायत नाई." मामांचे मित्र शंकरभाऊ ट्रक चालवतात, ते जीप घेऊन आले. मामी पुढे बसल्या, मी मागे गादीवर. राजुऱ्याच्या आधीच बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

शंकरभाऊ डोक्याला हात लावून उभे. "काटा तं एकदम खाली होता वो वहिनी! म्या म्हणलं गाडी गार हाय."

"उलटा हाय तो."

"मंग सांगाचं नाई का?"

मामी रस्त्याच्या पलीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी तिकडं पायतच नाई आता."

तिकडे म्हणजे स्टिअरिंगकडे, मामांच्या जागेकडे. मी रस्त्यावर उभं राहून हात केला, एका अनोळखी गाडीवाल्याला सगळं समजावून सांगितलं आणि आम्ही दवाखान्यात उशिरा पोचलो. त्या दिवशी मशीन कमी वेळ मिळालं. मामींचे पाय रात्रीपर्यंत सुजले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंकरभाऊंना बोलावलं. मोठा रेडिएटर टाका, नवा काटा लावा, सरळ चालणारा. शंकरभाऊ घुटमळले. "दादाच्या हातचं हाय वहिनी. राहू द्या ना तसंच. मी ध्यान ठेवीन."

"तुमच्या दादाचं काम मले टायमावर पोचवाचं होतं," मामी म्हणाल्या. "ते करा."

त्यांनी ते केलं. मी सध्या गडचांदूरलाच राहून ऑफिसचं काम करते आणि गाडी मीच चालवते. काटा मध्यावर स्थिर असतो, गाडी तापत नाही. पुलाअलीकडच्या झाडापाशी थांबायचं कारण उरलेलं नाही, म्हणून थांबत नाही. दवाखान्यात आम्ही आता वेळेच्या बऱ्याच आधी पोचतो. आधीच्या पेशंटचं मशीन संपायचं असतं, बेड रिकामा नसतो. आत खुर्च्या आहेत, पण मामी उतरत नाहीत. मी इंजिन बंद करते. काच खाली घेऊन त्या समोरचा रस्ता बघत बसतात, मीही बघते. नर्स बोलवायला येईपर्यंत तेवढा वेळ आमच्याजवळ असतो...