गवा, तपकीर आणि मामांचा मणका

माझ्या बायकोच्या मामांइतका सराईत थापाड्या अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो मामांकडेच शिकवणीला येत असणार. मात्र त्यांच्या थापांनी आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. एकदाच झालं, आणि तेही खुद्द मामांचं. त्याचीच ही हकीकत.

मामांचं घर नांदगावला आणि लोखंड-सिमेंटचं दुकान तळेऱ्याला, देवगड-विजयदुर्गाकडे फाटा फुटतो त्याच्या जवळच. गाडीची वाट बघणारी माणसं सावलीसाठी दुकानाच्या पायरीवर टेकायची, त्यामुळे मामांना रोज ताजे श्रोते मिळत. तरुणपणी विजयदुर्गच्या खाडीत त्यांनी नुसत्या हातांनी एक मासा धरला होता म्हणे. देवगडची गाडी वेळेवर आली तर तो मासा हातभर असायचा, उशिरा आली तर होडीएवढा व्हायचा. श्रोते निघून गेले की मामा गल्ल्यावर बसून एकटेच हसत. खोटं बोलून त्यांना काही मिळवायचं नसे. साधी गोष्ट साधेपणाने सांगणं त्यांना अन्नात मीठ विसरल्यासारखं वाटे, एवढंच.

स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यांना जबर अभिमान होता, आणि त्या तब्येतीसाठी काहीही न करण्याचा त्याहून जास्त. दुधाचं नाव काढलं की म्हणत, "दूध वासराक असता. मी काय वासरू?" ऊन अंगावर पडू नये म्हणून त्यांची छत्री बारमाही उघडी. समोरच्या हॉटेलात चहाला जायचं तरी स्कूटर काढत, ती हमरस्त्यावरून वळवून आणण्यात चालण्याच्या तिप्पट वेळ जाई. मामी बाजारातून पेडव्याची बारकी मासळी आणून काट्यासकट खरपूस तळत, तर मामा त्यातले काटे वेचून ताटाकडेला रचून ठेवत आणि ते मांजरासमोर टाकत. त्या घरातलं मांजर मरेपर्यंत कौलावरून उड्या मारत होतं.

त्यातच मामांना जुना दमा. फार पूर्वी कुणा डॉक्टराने थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली एक पांढरी गोळी मामांना अशी काही मानवली, की नंतर डॉक्टर सुटला पण गोळी सुटली नाही. दमा वर आला की एक, वर येईल असं वाटलं की अर्धी, असा त्यांचा स्वतःचा हिशेब. आणि एवढं असून खिशात तपकिरीची डबी कायम. दमेकऱ्याने तपकीर ओढावी का, असं मी एकदा भीत भीत विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "जावयबापू, दमो छातीत आसा, तपकीर नाकात. दोगांचो काय संबंध?" मी कणकवलीत बँकेत नोकरीला. एवढ्या बिनतोड उत्तरावर काय बोलायचं हे आम्हाला तिथे शिकवत नाहीत.

हल्ली त्यांचे लेंगे जमिनीला घासू लागले होते. मामांनी टेलरला धारेवर धरलं, मग कापडाच्या गिरणीला. धुतल्यावर आटणारं कापड सगळ्यांनी पाहिलंय, पण धुतल्यावर वाढणारं कापड फक्त मामांनाच मिळालं. मामी काही न बोलता लेंगे आखूड करून देत.

एका दुपारी मामा नांदगावच्या घरी पडवीत बसले होते आणि समोर मामी तांदूळ निवडत होत्या. मामांनी चिमूट ओढली, डोळे मिटले आणि सवयीप्रमाणे शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू जाईल अशी शिंक दिली. शिंक संपली आणि मामा तसेच वाकलेले राहिले. पाठीत काहीतरी कडकन वाजलं होतं. त्यांना ना सरळ होता येईना, ना नीट श्वास घेता येईना. मामींनी शेजाऱ्याची रिक्षा बोलावली आणि त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे मणका दबल्याचं फोटोत दिसलं. डॉक्टरांनी साहजिकच विचारलं, "काय झालं? कुठे पडलात?"

आता शिंकलो असं सांगायला मामा म्हणजे काय तुमच्याआमच्यासारखे? ते सकाळीच फोंडाघाटात एका बांधकामावर सिमेंट पोचवून आले होते. ते म्हणाले, "गवा आला." ऑफिसात आणि दवाखान्यात मामा शुद्ध बोलतात. "घाटाच्या पायथ्याशी गव्याने मला शिंगावर घेतले." गव्याने उडवलेल्या माणसाचा मणका दबला यात डॉक्टरांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी पट्टा दिला, दुखण्याच्या गोळ्या दिल्या, विश्रांती घ्या म्हणाले, आणि जीव वाचला म्हणून अभिनंदनसुद्धा केलं. मामी बाजूला पिशवी धरून उभ्या होत्या. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायची त्यांची रीत नव्हती.

मी भेटायला गेलो तोवर गवा चांगलाच बाळसं धरून होता. पडवीत दहा-बारा माणसं बसलेली, मामा पट्टा बांधून ताठ, आणि मधे गवा. "माका बघल्यान, मान खाली घातल्यान आणि असो इलो म्हणतास, जणू माका वळखताच!" आतून मामी चहा घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं की काळजी, ते त्या वेळी कळलं नाही.

गव्याची कीर्ती वनखात्यापर्यंत पोचली आणि एक वनरक्षक पंचनाम्याला दारात आला. जागा कुठली, गवा एकटा होता की कळपात, शिंग कुठे लागलं, साक्षीदार कोण. मामांना घाम फुटला. पण हरतील तर ते मामा कसले? ते गंभीर होऊन म्हणाले, "साहेब, माझी गव्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. चूक माझी होती. मीच त्याच्या वाटेत आलो." वनरक्षक भारावून गेला. वन्यप्राण्यांबद्दल इतकी समज असलेला नागरिक त्याने पहिल्यांदाच पाहिला होता. चहा पिऊन तो निघून गेला. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बराच वेळ भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

पट्टा सुटला, मामा दुकानात जाऊ लागले. गोळी, तपकीर, छत्री, स्कूटर, सगळं पूर्ववत. पुढे आंब्याच्या दिवसांत मी नांदगावला गेलो असताना माझ्या डोळ्यांसमोर ते खुर्चीतून उठले, पायपुसण्यात पाय अडकला आणि हात टेकून पडले. पडले म्हणजे काय, बसल्यासारखेच. आपण असे पडतो, झटकतो आणि उठतो. मामांचं मनगट मात्र काट्या-चमच्यांमधल्या काट्यासारखं वाकडं झालं.

कणकवलीला हाडांच्या डॉक्टरकडे नेताना रिक्षात मामा वेदनेने पांढरे पडले होते, तरी पुटपुटत होते, "म्हैस सांगूया. गवो पुन्ना नको, लोकांक खरा वाटूचा नाय."

डॉक्टर म्हणजे तिशीतल्या एक बाई होत्या. त्यांनी हाताचा फोटो पाहिला, पाठीचा जुना फोटो पाहिला आणि विचारलं, "हे कसं झालं?"

"त्याचं असं आहे डॉक्टर," मामांनी सुरुवात केली, "आमच्या शेजाऱ्याची एक म्हैस—"

"पायपुसण्यात पाय अडाकलो," मामी म्हणाल्या.

मामा थांबले. चाळीसेक वर्षांच्या संसारात मामींनी त्यांची गोष्ट मधे तोडलेली नव्हती. डॉक्टरांनी मामींकडे पाहिलं. "आणि मागचं? या जुन्या कागदावर तर गव्याची धडक असं लिहिलंय."

"गवो-बिवो काय नाय," मामी म्हणाल्या. "शिंकले ते. तपकीर ओढून शिंकले आणि मोडले. मी समोर होतंय. तेवाच सांगूक व्हया होता माका. माणूस शिंकान मोडता काय? माका रोज भय वाटता, उद्या हे खोकले तर काय होतला?"

मी हसणार होतो, पण मामींचे डोळे भरलेले दिसले आणि माझं हसू तिथेच विरलं. मामा तर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत बसले होते.

डॉक्टर खुर्ची ओढून मामांच्या समोर बसल्या. "काका, गव्याने मोडलेला मणका आणि शिंकेने मोडलेला मणका यांत फार फरक आहे. गव्याने मोडला तर दोष गव्याचा. शिंकेने मोडला तर हाडच ठिसूळ झालेलं असतं. हे आधी कळलं असतं तर तेव्हाच तपासलं असतं. उंची कमी झालीये का?"

"छे! पहिल्यापासून—"

"लेंगे मीच आखूड करतंय," मामी म्हणाल्या. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना आता थांबायचं कारण नव्हतं. त्यांनी पांढरी गोळी सांगितली, तपकीर सांगितली, छत्री, स्कूटर आणि मांजराला मिळणारे काटेही सांगितले. डॉक्टर सगळं ऐकत होत्या. वर्षानुवर्षं अशी स्टेरॉइडची गोळी मनाने घेतली तर ती हाडं आतून पोखरते, असं त्या म्हणाल्या. आणि लगेच बजावलं, की ती मनाने एकदम बंदही करायची नाही, तेही धोक्याचंच. दम्याच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करायची आणि पंपाने ओढायचं औषध सुरू करायचं.

"पण हाडं ठिसूळ होणं हा तर बायकांचा रोग ना?" मामांनी क्षीण आवाजात विचारलं.

"बायकांना जास्त होतो. पुरुषांना होतो तेव्हा ते गवा सांगतात," डॉक्टर म्हणाल्या.

मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि आम्ही हाडांची घनता मोजायला कोल्हापूरला निघालो. डॉक्टरांनी मामींनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. त्यांचंही वय तेच, त्यात बाईमाणूस. फोंड्याचा घाट चढताना एका वळणावर खरोखरच एक गवा उभा होता. काळाकभिन्न, शांतपणे गवत खात. ड्रायव्हरने गाडी हळू केली. मामा दुसऱ्या बाजूला दरीकडे बघत बसले. मामींनी मात्र काच खाली करून त्याला डोळे भरून बघून घेतलं.

मामांचा निकाल वाईट होता. मामींची हाडं वयाप्रमाणे थोडी उतरली होती, पण मामांपेक्षा कितीतरी बरी. मामांना हा अपमान मणक्यापेक्षा जास्त लागला. "हिची हाडां माज्यापेक्षा बरी? कित्याक?" परतीच्या वाटेवर त्यांचं उत्तर त्यांनीच शोधलं. मामी विहिरीचं पाणी ओढतात, परसातली भाजी उन्हात बसून खुरपतात, नाचणीची भाकरी खातात, पेडव्याचा काटा चावून खातात. "हाड म्हणजे स्लॅब," मामा मला समजावू लागले. "येकदा घातलो म्हणून चलणा नाय, पाणी मारीत रव्हाक व्हया. मी मारलंयच नाय." इतकी वर्षं सिमेंट विकून त्यांना हे पहिल्यांदाच सुचलं होतं.

मग मामांनी घरावर सूड उगवला. पायपुसणी हद्दपार झाली. दुकानातल्या सळ्या आणून न्हाणीघरात, संडासात, पायऱ्यांवर, पडवीत, जिथे भिंत दिसेल तिथे दांडे ठोकले. त्या घरात शिरलं की एस.टी.त चढल्यासारखं तिकीट काढावंसं वाटतं. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर एक गोळी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, अशी डॉक्टरांची आज्ञा. तो अर्धा तास मामा पडवीत चहाविना ताठ बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे अन्याय झाल्यासारखे बघत. डबी मामींनी विहिरीत टाकली. मासा धरायच्या निमित्ताने मामांनी विहिरीत उतरायची तयारी दाखवली, पण मामींची परवानगी नव्हती.

दुकानात मात्र रोगाचं नाव सांगायला ते तयार नव्हते. विचारलंच तर म्हणत, "कॅल्शियमचो डायबिटीस झालो." गवा अजून तसाच होता. तळेऱ्याच्या स्टँडवर त्याला कुणी हात लावला नव्हता.

समोरचा हॉटेलवाला मामांचा लहानपणापासूनचा मित्र. गेल्या वर्षी पिठाचं पोतं उचलताना त्याच्या पाठीत उसण भरली होती आणि ती गेलीच नव्हती. तोही सांध्यांसाठी तसलीच एक गोळी मनाने खात असे. एक दिवस मी दुकानात बसलो असताना तो कमरेवर हात ठेवून पायरी चढला. पायरीवर गाडीची वाट बघणारी चार-पाच माणसं होती. त्याने नेहमीसारखं म्हटलं, "सांग रे त्या गव्याची. ह्यांका म्हायत नाय."

मामांनी त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गवो नव्हतोच रे. शिंकलंय मी."

माणसं हसली. त्यांना तो विनोद वाटला. मामा हसले नाहीत. "खरा सांगतंय. शिंकलंय आणि मणको बसलो. हाडां पोकळ झाली हत माजी. तुझ्या पाठीचा पण तपासून घे. माका उशीर झालो, तू करू नको." आणि डॉक्टरांचा पत्ता त्यांनी सिमेंटच्या बिलावर लिहून दिला. हॉटेलवाला पुढच्याच आठवड्यात जाऊन आला. मामांचा सगळ्यात चांगला किस्सा तेव्हा गेला. तो परत कधी कुणी सांगायला लावला नाही, त्यांनी सांगितलाही नाही.

या थंडीत मी दोन दिवस नांदगावला राहिलो. सकाळी कोवळ्या उन्हात दोघं फिरायला निघाली, मी मागून चाललो. मामा काठी टेकत, जपून. पाठ किंचित पुढे झुकलेली ती आता तशीच राहणार, हे डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. मामी झपझप चालतात. मामा एकदा ओरडले, "गो, जरा सावकाश." मामींनी ऐकलं की नाही कोण जाणे. पण पुढच्या वळणावर त्या थांबल्या, वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिल्या. मामा पोचले तशा पुन्हा चालू लागल्या. त्यापुढच्या वळणावरही पट्टा सैल झाला. मामांनी तो नीट होईस्तोवर शेजारी उभं राहून वाट पाहिली, आणि मग सगळ्या रस्त्यादेखत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पूर्वी मामी त्यांच्या कानापर्यंत यायच्या. आता दोघांची डोकी एका रेषेत दिसत होती.