तुमच्यात

"पोरगी झोपली होती त्यावर. उसवा."

बंगल्यातल्या बाई एवढंच बोलल्या. आवाजही चढवला नाही. वालचंदनगरला एका साहेबांचा बंगला, मागचा व्हरांडा, मे महिना. मी आठ वर्षांची. माझे वडील पिंजारी. धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या दारात बसून कापूस पिंजायचे, गाद्या भरून द्यायचे. त्या दिवशी सकाळपासून बसून त्यांनी दोन गाद्या भरल्या. मी सुईत दोरा ओवून देत होते. दुसऱ्या गादीचा शेवटचा टाका पडला, अब्बा हात धुवायला नळावर गेले आणि मी त्या गादीवर आडवी झाले. आमच्या घरात गादी नव्हती. गोधडीच. नव्या कापसावर अंग कसं बुडतं ते मला बघायचं होतं. डोळा लागला.

जाग आली ती बाईंच्या बोलण्यानं. "तुमच्यात पोरींना एवढंही शिकवत नाहीत का, कुठं झोपायचं ते?" असं त्या अब्बांना विचारत होत्या. अब्बांनी मान खाली घातली. कात्री घेतली. सगळे टाके कापले, खोळ उलटी केली, सगळा कापूस बाहेर काढला आणि पुन्हा पिंजायला बसले. खोळ मोलकरणीनं धुवायला नेली, बाईंनी कपाटातून दुसरी काढून दिली.

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून बघत होते. अब्बा त्या कापसात मांडी घालून बसले होते. सकाळपासून तसेच बसले होते. त्यांचा घाम त्यात, त्यांच्या टाचांच्या भेगा त्यात, दोनदा शिंकले ते त्यात. ते बाईंना चाललं होतं. म्हणजे भरताना चालतं, शिवल्यावर चालत नाही. हे मला आठव्या वर्षी कळलं. अब्बा गप्प का बसले ते मात्र कळलं नाही. परत येताना मी विचारलं तर म्हणाले, "त्यांची गादी हाय. आपून भरून द्यायची."

आता माझी माहिती. सुसंगत नाही, आठवेल तशी देते. कुणी मागितली म्हणून देतेय, ते शेवटी सांगेन.

मी निमगाव केतकीची. जन्म बाजाराच्या दिवशीचा. सुईण भाजीची पिशवी घेऊनच आमच्या घरी आली होती आणि तिची मेथी आमच्या आईनं नंतर तीन दिवस खाल्ली. मी डावखुरी. कारलं मला लहानपणापासून आवडतं, त्यामुळं घरात माझ्याकडं जरा संशयानं बघतात. वडिलांना आम्ही अब्बा म्हणतो आणि आईला आई. असं का, ते मलाही माहीत नाही. घरात मराठीच. आई शिव्या देते त्या मराठीत, लाड करते ते मराठीत, नमाज झाल्यावर हात वर करून जे काही मागते तेही मराठीतच मागते. अब्बांना उर्दूचं एक अक्षर वाचता येत नाही. मराठी वर्तमानपत्र मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, निविदा सूचनासुद्धा.

दहावीला मी मराठीत केंद्रात पहिली आले. शाळेनं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला. झाकणावर नाव कोरलेलं. माझं नाव बरोबर होतं. आडनावाच्या जागी मात्र कोरणाऱ्यानं 'पुजारी' घातलं होतं. आमचं आडनाव पिंजारी. चिठ्ठीवर कुणीतरी पिंजारीच लिहून दिलं होतं, मी स्वतः बघितलं होतं. कोरणाऱ्याला वाटलं असणार, मराठीत पहिली आलीय म्हणजे लिहिणाराच चुकला. त्यानं दुरुस्त करून टाकलं. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

आम्ही तेव्हा हसलो. घरात सगळ्यात जास्त मीच हसले. आई त्या डब्यात लसणाची चटणी ठेवायला लागली.

पुढं मी बारामतीला कॉलेजला आले. खोली शोधत होते. दोन ठिकाणी नाव विचारलं आणि खोली नुकतीच गेली असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी काकूंनी नाव विचारण्याआधी आईनं चटणी भरून दिलेला तोच डबा माझ्या पिशवीत बघितला, झाकण वाचलं. "पुजारी का? बरं झालं बाई," म्हणाल्या. माझं पाळण्यातलं नाव दोन्हीकडं चालण्यासारखं आहे. मी काही बोलले नाही.

दोन वर्षं मी पुजारी होते. ईदला घरी जाताना मावशीचं लग्न सांगायचे. मला इतक्या मावश्या असतील असं त्या काकूंना कसं वाटलं, कोण जाणे. एकदा अब्बा बारामतीजवळ कन्हेरीला कामाला आले होते. काम आटोपून मला भेटायला निघाले, खांद्यावर पिंजण. मी गॅलरीतून त्यांना लांबून बघितलं आणि धावत खाली गेले. कोपऱ्यावरच त्यांना गाठलं. टपरीवर बसवलं, चहा पाजला, तिथूनच एसटीत बसवून दिलं. खोलीवर नेलं नाही. अब्बांनी विचारलंही नाही. त्यांच्या मिशीला कापूस लागला होता, तो मी काढला नाही. कुणी बघेल म्हणून. बंगल्यातल्या बाईंनी जे केलं ते मी विसरू शकत नाही, पण हे मी केलं. याची लाज मला त्याहून जास्त वाटते आणि ती वाटायलाच हवी.

मग मराठीत एमए केलं, बीएड केलं. बारामतीतल्याच एका शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा निघाली. अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. रुजू व्हायला गेले तर वेळापत्रकात माझ्या नावापुढं हिंदी. मी मुख्याध्यापक सरांना म्हटलं, चूक झालीय. सर अगदी मनापासून हसले. "चूक नाही हो मॅडम. तुमच्यात हिंदी घरचीच असते ना. तुम्हाला सोपं जाईल. मराठीला पालक उगाच काहीतरी विचारतात."

माझी हिंदी सिनेमात शिकलेली. पहिलं वर्षभर मी मुलांच्या फक्त एक धडा पुढं होते. पण घेतलं. नोकरी हवी होती. नवऱ्याचं टायरचं दुकान नुकतंच उभं राहत होतं. आणि खरं सांगायचं तर मला सवय होती. गप्प बसले की खोली मिळते, हे मी शिकले होते.

शाळेला माझं मराठी कळायला मात्र महिनासुद्धा लागला नाही. आधी एक निमंत्रणपत्रिका तपासायला आली. मग अहवाल. मग संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण. सगळे त्यांना आबा म्हणतात. मराठी भाषा दिनाला आबांनी मायमराठीवर अर्धा तास भाषण केलं, लोकांनी डोळे पुसले. ते भाषण माझं. पुढची सहा वर्षं आबांची सगळी भाषणं माझी. मी मांडवात मागं मुलांच्या रांगा सांभाळत उभी असायची आणि माझीच वाक्यं माईकवरून ऐकायची. कुठं थांबायचं तेही कंसात लिहून दिलेलं असायचं. एकदा आबांनी 'इथे थांबणे' हेसुद्धा वाचून टाकलं. मला राग यायचा आणि गंमतही वाटायची. रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं.

या मे महिन्यात शाळेत शिक्षकांचं शिबिर झालं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, तरुण, हसऱ्या. ओळख वाढावी म्हणून त्यांनी एक खेळ घेतला. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. चित्रकलेचे सर म्हणाले की मी तीन वेळा अमेरिकेला गेलो, सगळे हसले. माझी पाळी आली. मी उभी राहिले.

एक, माझ्या वडिलांनी या तालुक्यातल्या शेकडो घरांच्या गाद्या भरल्यात. दोन, दहावीला मी मराठीत केंद्रात पहिली आले. तीन, मला पोहता येत नाही.

खोटी तिसरी होती. सातवीपासून मी कालव्यात पोहते. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून शिकले, नंतर डबा सोडून दिला. मला वाटलं, कुणीतरी पहिली म्हणेल.

सगळ्यांनी दुसरी सांगितली. पंचवीस शिक्षक. क्षणभराचासुद्धा विचार न करता. "दोन, दोन," असा नुसता गजर. त्यात मराठीचे सर होते, ज्यांच्या प्रश्नपत्रिकेतल्या वेलांट्या मी दरवर्षी सुधारते. माझी डबा खायची मैत्रीण होती. मुख्याध्यापक सर होते, ज्यांना आबांची भाषणं कोण लिहितं ते पक्कं ठाऊक आहे. त्यांनीही दोन बोटं वर केली होती. वाईट असं कुणाच्याच मनात नव्हतं. हेच जास्त वाईट होतं.

मी म्हटलं, दुसरी खरी आहे.

पुण्याच्या बाईंचे डोळे मोठे झाले. त्या कौतुकानं म्हणाल्या, "अरे वा. तुमच्यात इतकं चांगलं मराठी असतं?"

तुमच्यात. मी मराठीची विद्यार्थिनी आहे, म्हणून सांगते. 'त' हा सप्तमीचा प्रत्यय. घरात, पाण्यात, डब्यात. आत असलेल्याला तो लावतात. आणि आयुष्यभर लोकांनी मला तो लावला तो बाहेर ठेवायला. तुमच्यात पुरण खातात का. तुमच्यात मुलींना शिकवतात का. तुमच्यात हिंदी घरचीच. मी प्रत्येक वेळी हसून उत्तर दिलं. त्या दिवशी माझ्या कानात कात्रीचा आवाज आला, टाके कापतानाचा. मी खाली बसले नाही.

मी म्हटलं, "माझ्यात असतं. तुमच्यात किती आहे ते मी रोज तपासते."

बाईंनी घाईनं पुढच्याचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. ते खूश दिसले, कारण शाळा सुरू होण्याच्या दिवशीचं आबांचं भाषण मी आणलं असेल असं त्यांना वाटलं. भाषण पर्समध्ये होतंही. पालकांसमोरचं, मुलं आपल्या भाषेत शिकली तर काय होतं यावर. चांगलं झालं होतं. मी म्हटलं, भाषण तयार आहे, पण ते मी वाचणार. आणि यंदा नववी-दहावीचं मराठी मला द्या. सर म्हणाले, आबांचं भाषण तुम्ही कसं वाचाल? मी म्हटलं, लिहिलं तसंच. मग ते समजावणीच्या सुरात आले. शाळेचं वातावरण, पालक, तुम्ही किती समजूतदार. "एवढी वर्षं चाललं ना मॅडम," असं म्हणाले.

चाललं. भरताना चाललं. मी भाषणाचे कागद पर्समधून काढले नाहीत. हिंदीच्या वेळापत्रकावर सही न करता बाहेर आले.

शाळेच्या पहिल्या दिवशी आबा माईकसमोर उभे राहिले, शुभेच्छा दिल्या आणि दोन मिनिटांत बसले. मी मागं मुलांच्या रांगेत होते. त्याच दुपारी मला नोटीस मिळाली. सोपवलेलं काम नाकारलं, सहकाऱ्यांचा अपमान केला, आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. 'खुलासा'त वेलांटीच नाही म्हणून तो चुकायचा वाचला, 'सादर' बरोबर होतं, 'कार्यवाही' आणि 'कारवाई' यात मात्र दोनदा गोंधळ.

नोटीस घेऊन मी निमगावला गेले. नवऱ्यानं आधीच सांगितलं होतं, दुकान आहे, बघू काय होतं ते. मला अब्बांना विचारायचं होतं. अब्बा आता काम करत नाहीत, छातीत कापूस बसलाय असं डॉक्टर म्हणतात. पिंजण भिंतीला टांगलेलं आहे. त्यांनी नोटीस निविदा सूचनेसारखी सावकाश, सगळी वाचली. मी त्यांना टपरीची गोष्टही सांगितली, खोलीवर का नेलं नाही ते. ते म्हणाले, ठावं हुतं. आईनं चहा आणला, तो तसाच राहिला.

"वालचंदनगरची गादी म्या उसवली," अब्बा म्हणाले. "माजीच पोरगी झोपली हुती, अन् म्याच उसवली. तवा न्हाय म्हनायला पायजे हुतं. तू उसवू नगं."

निघताना मी आईच्या फळीवरून चटणीचा डबा उतरवला. तिनं कुरकुर केली, चटणी कुठं ठेवू म्हणाली. बारामतीला भांड्यांच्या दुकानात कोरण्याचं यंत्र असतं. त्या माणसाला मी सांगितलं, घासून काढू नका, पुजारी तसंच राहू द्या. त्याच्यावर एक रेघ मारा आणि खाली पिंजारी लिहा. चूक कुणाची होती ते दिसलं पाहिजे. तो डबा आता मी रोज शाळेत नेते आणि शिक्षकांच्या टेबलावर झाकणावरचं नाव दिसेल असा ठेवते.

मुख्याध्यापक सर, आपण खुलासा मागितला होता. तो हा. वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे. मी हिंदी शिकवणार नाही. मराठी शिकवीन, या शाळेत नाहीतर दुसऱ्या शाळेत, आणि तिथं कुणी तुमच्यात म्हणालं तर त्याला आधी सप्तमी शिकवीन. यापुढं माझं एकही वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी मांडवात मागं उभी राहणार नाही. कारवाई करायची असेल तर करा, मी काहीही उसवणार नाही.

खोटी होती ती तिसरी गोष्ट. मला पोहता येतं.