जाळ्याचा ज

दाराशी खुर्ची टाकून बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते जिना चढून वर येतात. पनवेलात आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी कॉम्प्युटरवाल्यांचा गट जमायचा आणि हॉलची किल्ली माझ्याकडे होती. मोबाईलवर सगळं मिळायच्या आधीची गोष्ट.

गट अनुजाचा. ती बेलापूरला नोकरी करायची. जगभरची माणसं मिळून काही सॉफ्टवेअर बनवतात, पगार न घेता. कोणीही ते उघडून बघावं, सुधारावं. त्या कामाला माणसं लागतात. कोणाला काय येतं ते बघून त्याला काम जोडून द्यायचं, हा तिचा उद्योग.

मी सातवी नापास. पण मिठागरावर तीस वर्षं मुकादम होतो. कोणाच्या हातात फावडं द्यायचं आणि कोणाच्या डोक्यावर टोपली, हे मला शिकवायला लागत नाही.

*

अनुजाने फॉर्म छापून आणले. नाव, पत्ता, आणि शेवटी एक रकाना : कौशल्य. पहिल्याच रविवारी नेऱ्याचे एक गृहस्थ आले. नीट अक्षरात फॉर्म भरला. कौशल्यापुढे लिहिलं, "आहे."

अनुजाने विचारलं, आबा, यांना काय काम देऊ? मी म्हटलं, आधी फॉर्म बदल. पुढच्या रविवारी तिने रकाना बदलून आणला : काय काय येतं? त्याच गृहस्थांनी पुन्हा भरला. "सगळं."

त्यांना खुर्च्या लावायचं काम दिलं. रांग अशी लावायचे की दोरी धरून बघावी.

*

पळस्प्याचा माझा एक नातेवाईक आला. जमिनीचे व्यवहार करणारा माणूस. अनुजाने त्याला अर्धा तास समजावलं. हे कोणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सातबारा कोनाच्या नावावर हाय?"

"सगळ्यांच्या."

"मंग भांडनं किती होत असतील!"

अनुजा म्हणाली, "रोज होतात, काका."

तेव्हा कुठे त्याला खरं वाटलं.

*

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. इंग्रजी पक्कं. त्यांना अनुजाने मराठी भाषांतराचं काम दिलं. कॉम्प्युटर चूक झाली की जी वाक्यं दाखवतो, त्यांची यादी. साहेबांनी शब्दकोश घेऊन चार दिवसांत यादी संपवली. पडदा मात्र एकदाही पाहिला नाही.

मग आमचे हेडमास्तर कॉम्प्युटर शिकायला बसले. नाव टाईप केलं, मध्ये चुकून भलतंच अक्षर पडलं. पडद्यावर आलं, "आपले चारित्र्य अवैध आहे."

हेडमास्तर उठून उभे राहिले. चाळीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. अनुजाने सांगितलं की इंग्रजीत अक्षराला आणि चारित्र्याला एकच शब्द आहे. हेडमास्तर म्हणाले, "मग इंग्रजांनी सुधारावं."

ते निघाले होते. मी दारात आडवा झालो. म्हटलं, गुरुजी, एवढी चूक तुम्हाला लागली, तर बाकीच्याही तुम्हालाच सापडतील. त्यांनी वर्षभर बसून सगळी यादी तपासली. लाल पेनने.

*

गव्हाणचा काशिनाथ तांडेल माझ्या ओळखीचा. स्वतःच्या बोटीवर उभा राहून वारा सांगणारा माणूस. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. एका रविवारी सून रंजना त्याला हाताला धरून घेऊन आली. अनुजाने फॉर्म पुढे केला. काय काय येतं?

तांडेल म्हणाला, "आता निस्तं ऐकाया येतं."

सून खाली बाजारात गेल्यावर त्याने मला खरं सांगितलं. मुलगा मालवाहू जहाजावर आहे. घरच्या कॉम्प्युटरवर त्याची मेल येते, सून वाचून दाखवते. "वाचता वाचता मधीच थांबते. तेवड्यात दोन वळी जातात. माजा पोरगा काय लिवतो, ते मला सगलं पायजेल."

गटात इरफान म्हणून एक प्रोग्रॅमर होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर तो मराठी बोलायला शिकवत होता. मी अनुजाला म्हटलं, ह्या दोघांना एका टेबलावर बसव.

*

मशीन बोललं. तांडेलाने मान हलवली. "जाळं म्हनलं ना त्यानी, तो ज जिलेबीचा हाय. जाल्याचा ज येगला."

इरफान म्हणाला, चाचा, अक्षर तर एकच आहे. तांडेल म्हणाला, दर्यात मासे पण एकाच पाण्यात असतात, म्हणून पापलेटला बोंबील म्हणशील काय?

इरफानने लॅपटॉप ओढला आणि लिहायला बसला. जेवण जिलेबीचं. जुनं जाळ्याचं. जीव जिलेबीचा. जोर जाळ्याचा. आठ महिने दर रविवारी दोघं हेच करत होते. बाहेरच्या देशातल्या लोकांना अनुजा इंग्रजीत कळवायची. त्या यादीला तिकडे काय म्हणायचे ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे तिला तांडेलाची यादी म्हणायचे.

*

त्या टेबलावर भांडण एकदाच झालं. बाहेरच्या लोकांचं म्हणणं होतं की कंसातला मजकूर जादाचा असतो, मशीनने तो सोडून द्यावा. इरफानलाही पटलं. ऐकायला सोपं जातं म्हणाला.

तांडेलाने टेबलावर हात ठेवला. "लिवनाऱ्यानं लिवलंय ना? मंग वाचनाऱ्यानं गालायचं नाय. कंसातला पन वाचायचा."

दोन रविवार तो हेच धरून बसला. शेवटी अनुजाने तसं कळवलं आणि बाहेरच्यांनी मानलं.

*

सॉफ्टवेअर त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर बसवायला मी आणि इरफान गव्हाणला गेलो. इरफानने तांडेलाचं बोट धरून दोन बटणं दाखवली. हे चालू, हे बंद. सकाळीच मेल आली होती, अजून कोणी वाचली नव्हती. इरफानने ती उघडून ठेवली. रंजना आत चहा करत होती.

तांडेलाने बटण दाबलं. मशीन वाचू लागलं.

"मी बरा आहे. जेवण बरं मिळतं. जुना जोडीदार बोटीवर परत आलाय."

"जुना"मधला ज जाळ्याचा निघाला. तांडेल हसला. इरफानकडे म्हणून बघितलं, ते भिंतीकडे.

"कंस सुरू," मशीन म्हणालं. "रंजना, यापुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस."

रंजना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

तांडेलाचं बोट बंदच्या बटणावर होतं. ते त्याने दाबलं. मशीन थांबलं.

रंजनाने ट्रे टेबलावर ठेवला. मग त्याने खुर्ची मागे सरकवली आणि चाचपडत उठला.

"बस, सूनबाय," तो म्हणाला. "फुडचं तू वाच. मनात."