मारुतीचा निरोप

आमच्या काजूच्या बागेत माकड मरून पडलं. काकी त्याला पुरायला नारळ-फुलं घेऊन निघाली, तोच विद्यापीठाची जीप आली. माणसांचा डॉक्टर, जंगलाचा अभ्यासक आणि गुरांची डॉक्टरीण, तिघं एकाच जीपमधून उतरली! डॉक्टरीण तर लगेच पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत सुटली. फडक्याला गोचीड चिकटली आणि जाळ्यात सुरमई आल्यासारखी डॉक्टरीण ओरडली, "गावली रे! हिच्यातूनच माकडताप येता, आधी माकडाक, मगे माणसाक!"

काकी भडकली. "मारुती गेलो आणि तू नाचतंस?"

डॉक्टरणीनं माकडाला हात जोडले. "काकी, मारुती निरोप घेऊन इलो. तेचा आयकला तर तुमका ताप येवचो नाय."

तिचं नाव विचारायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी काकी फाटकावर उभी राहून काजू वेचणाऱ्यांना परतवत होती, "निरोप इलो आसा, आत जाव नकात!"