घबराटीच्या सहा गोळ्या

माझे हात कापायचे. बाकी माणूस म्हणून मी ठीक होतो.

हात कापणं हा तसा मोठा दोष नाही. कारकुनाचे कापले तर अक्षर बिघडतं, न्हाव्याचे कापले तर गिऱ्हाईक दुसरा न्हावी बघतं. पण मी भिलईत रशियनांच्या मदतीनं उभारलेल्या नव्या कारखान्यात क्रेन चालवायला शिकत होतो आणि माझ्या हातांच्या भरवशावर माणसांच्या डोक्यावर लोखंड लोंबकळायचं. तीन माळे उंच शिडी चढून केबिनमध्ये बसलो की छातीत धडधड सुरू, तळव्यांना घाम, आणि खालचा एक फोरमन मला दोन दिसायचा. (एकच पुरेसा होता.)

आठवड्यावर ट्रेड टेस्ट आली होती. हुकाला काठोकाठ भरलेली बादली अडकवायची आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न सांडता न्यायची. पास झालो तर ऑपरेटर, नापास झालो तर पुन्हा खलाशी, म्हणजे जन्मभर दोर ओढणं. सरावात माझी बादली पोचली, पण रिकामी. पाणी सगळं फोरमनच्या अंगावर गेलं, आणि दिवस थंडीचे होते.

शेवटी दवाखाना गाठला. बंगाली डॉक्टरांनी छाती तपासली आणि हृदय ठणठणीत आहे, ही नुसती घबराट आहे, असं सांगितलं. मन शांत करणाऱ्या गोळ्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. त्यांनी कागदाच्या पुडीत सहा गोळ्या बांधून दिल्या, रोज झोपताना एक. आणि हिंदीत बजावलं, की औषध चालू असेपर्यंत क्रेनवर पाय ठेवायचा नाही. मी मान डोलावली. मनात मात्र ठरवलं, पाच झोपताना घेईन आणि सहावी टेस्टच्या सकाळी! डॉक्टरपेक्षा जास्त अक्कल मला त्या वयात होती.

घरात आम्ही तिघं: मी, बायको कमल आणि आई. वडील दुर्गच्या रेल्वे यार्डात शंटिंगचं, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याचं काम करायचे आणि तिथेच दोन डब्यांच्या मध्ये सापडून गेले. तेव्हापासून आईचं लोखंडाशी वैर होतं, आणि मुलगा नेमका पोलादाच्या कारखान्यात चिकटला. मी ड्यूटीवर निघालो की ती शर्टाची बाही धरून क्वार्टरच्या फाटकापर्यंत यायची.

"आज वर चढतं का रे? दांडा घट्ट धरजो. खाली नको पाहू. वरही नको पाहू."

मग पाहायचं कुठं, हे तिनं कधी सांगितलं नाही. केबिनमध्ये यंत्रांचा एवढा गोंगाट असायचा, पण मला ऐकू यायची ती आईच.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरात फरक दिसू लागला. फक्त तो आईत दिसू लागला. नळावर जी बाई कुणाला आपल्या पुढे घागर लावू देत नसे, तिनं शेजारणीला "तू भर वं आधी" म्हटलं. शेजारीण घाबरून घागर तिथेच टाकून आमच्याकडे विचारायला आली, की म्हातारीची तब्येत बरी आहे ना. वरण करपलं तर आई त्या करपल्या वासाकडे कौतुकानं बघत बसली. कमलनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आत्याबाईंले काय झालं जी? मघापासून भिंतीकडं पाहून हासून राहिल्या."

मी सांगितलं, मुलगा सुधारतोय, म्हणून आईला समाधान वाटतंय. मला खरोखरच बरं वाटत होतं. धडधड कमी झाली होती, भूक लागत होती, आणि ढेकर असे येत होते की शेजारच्या क्वार्टरमध्ये दाद मिळावी.

टेस्टच्या सकाळी मी सहावी गोळी पाण्याबरोबर गिळली. आई बाजेवर बसली होती. तिनं बाही धरली नाही, की दांड्याचं नाव काढलं नाही. "जाय बाप्पा," म्हणाली आणि जांभई दिली.

त्या दिवशी केबिनमध्ये मला पहिल्यांदा फक्त यंत्रं ऐकू आली. हात स्थिर. बादली शेडभर अशी गेली, की परीक्षक रशियन साहेबानं तिच्यात बोट बुडवून पाणी खरंच आहे ना ते पाहिलं, आणि "हराशो" म्हणाला. हराशो म्हणजे छान, हे भिलईत तेव्हा शेळ्यांनाही कळत होतं.

आता शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी आईला घेऊन डॉक्टरांचे आभार मानायला गेलो आणि छाती फुगवून सांगितलं, की साहेब, तुमची गोळी खाऊन वर चढलो आणि पास झालो.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. गोळीच्या गुंगीत क्रेन? खाली माणसं उभी असताना? त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं, की हा माणूस क्रेनवर चढवण्याच्या लायकीचा नाही. माझे हात पुन्हा कापू लागले. दोर ओढण्याचा जन्म मला समोर दिसू लागला.

तेवढ्यात आईनं डॉक्टरांच्या पेनावरच हात ठेवला.

"यानं एकही गोळी नाई खाल्ली, साहेब. म्या खाल्ल्या."

वडील रेल्वेत असताना आमच्या घरी दवाखान्याचं लाल मिक्श्चर कुणा एकासाठी आलं तरी सगळं घर एकेक घोट प्यायचं. घरात आलेलं औषध घराचं, हा आईचा कायदा. त्या कायद्यानं तिनं पुडी घरात आली त्याच दुपारी माझी पहिली गोळी चाखून पाहिली, आणि डोळे मिटल्यावर वडील गेल्यापासून पहिल्यांदाच तिला यार्ड दिसलं नाही. मग उरलेल्या पाचही तिनं ठेवून घेतल्या, आणि वडिलांच्या वेळच्या डब्यातल्या, गॅसवरच्या सोडामिंटच्या सहा गोळ्या माझ्या पुडीत बांधल्या.

"असं का केला, माताजी?" डॉक्टरांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं.

"भेव माया पोटात होतं," आई म्हणाली. "मंग गोळी याच्या पोटात कायले जाऊ देऊ?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि तो कागद फाडला. आईचं वेगळं कार्ड केलं, अर्धी अर्धी गोळी किती दिवस घ्यायची आणि कशी बंद करायची ते तिला दोनदा समजावलं, आणि दुसऱ्याचं औषध खाल्ल्याबद्दल रागावलेही. मी बाकावर बसून होतो. तिनं ती पुडी बदलली नसती तर मी गुंगीत त्या केबिनमध्ये बसलो असतो, आणि खाली पाण्यापेक्षा जड काहीतरी सांडलं असतं. मी तिचा हात धरला. आयुष्यभर तिनं माझी बाही धरली होती, तेव्हा हे काहीच नव्हतं, पण मला त्या वेळी एवढंच सुचलं.

प्रश्न उरला माझ्या कार्डाचा. घबराट लिहिली तर नोकरी जाते, आणि न खाल्लेलं औषध लिहिता येत नाही. डॉक्टर प्रामाणिक माणूस, त्यांनी माझ्या पोटात जे खरोखर गेलं होतं तेवढंच लिहिलं. त्यामुळे कागदोपत्री मी निवृत्त होईपर्यंत एक निर्भय क्रेन ऑपरेटर होतो, ज्याला एकदाच गॅस झाला होता.